मे महिन्याची वही

मांजरी बुद्रुक

चि. निखिलस,


वहिनीकडून सगळं कळलं. कर्वेनगरात एका बेडरूमच्या फ्लॅटला जेवढे पैसे मोजावे लागतात, तेवढ्यात इथे दोन बेडरूम, गॅलरी आणि समोर ऊस, म्हणून तू आणि स्नेहा हरखून गेला आहात. साइट बघून परस्पर परतलात, आत्याकडे डोकावलाही नाहीत, ते असो. पण श्रावणातला रविवार, सकाळची वेळ आणि वर बिल्डरच्या ऑफिसातला चहा, अशा वेळी खडकाळ माळसुद्धा काश्मीर दिसतो. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला मगरपट्ट्यातून निघ आणि सोलापूर रस्त्याने इथवर ये. ती वाट रोज सोसवेल असं वाटलं तरच पुढचं बोलू. मांजरीला स्टेशन आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. शेवाळेवाडीला पीएमपीचा डेपो आहे, तिथे चढलं की बसायला जागा मिळते. नोकरदार माणसाला तीही चैनच.

पाण्याचं मात्र सविस्तर लिहिते, कारण ते तुला साइटवर कुणी सांगणार नाही. ३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आमचं मांजरी बुद्रुक. नदीपलीकडचं मांजरी खुर्द बाहेरच राहिलं. पण हद्द सरकली म्हणून नळाला पाणी येत नसतं. या पट्ट्यातल्या मोठ्या बांधकामांना परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए द्यायची, आणि ती देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जायचं की सरकारी पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. पुढे सोसायटी स्थापन होते, बिल्डर दुसऱ्या साइटवर जातो, हमीपत्र फायलीत राहतं आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. महारेराचा नंबर आहे ना, मग काळजी कशाला, असं तू म्हणशील. त्या नंबरावरून मंजूर नकाशा, कार्पेट एरिया, ताब्याची तारीख कळते. टाकीत पाणी किती दिवस टिकतं ते कळत नाही.

ते कळायला एक सोपा उपाय आहे. तू बघितलेल्या प्रकल्पात पहिल्या दोन इमारतींत माणसं राहायला आली आहेत. तिथल्या वॉचमनच्या केबिनमध्ये टँकरची वही असते. टँकर आला की ड्रायव्हर जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतो, आणि टँकर रिकामा होईस्तोवर वॉचमन वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ड्रायव्हरची सही घेतो. मे महिना आता लांब आहे, पण गेल्या मे महिन्याची पानं त्या वहीत आहेत. ती मागून घे. एका दिवसात किती सह्या आहेत ते बघ, आणि जूनमध्ये पाऊस पडल्यावरही त्या कमी झाल्या नसतील तर तिथूनच मागे फिर. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या एखाद्या बाईंना विनंती करून त्यांच्या बाथरूममधला नळही बघ. तोंडाशी पांढरा थर साचलेला दिसला तर बोअरचं पाणी जड आहे, गीझरची कॉइल फार दिवस टिकायची नाही.

शिवाय पाणी पुरेसं असलं म्हणून ते पिण्याजोगं असतंच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले, काही व्हेंटिलेटरवर गेले. पहिला संशय गेला तो पाण्यावरच. ती गावंही याच २३ मधली. तेव्हा टाकीतलं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घेतात का, आणि शेवटचा अहवाल कधीचा, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंडावर विचार. लाजायचं कारण नाही, घर तू घेणार आहेस.

नदीचंही सांगून ठेवते. माहितीपत्रकात तिला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेवर डासांचे खांबच्या खांब उठले होते, ते व्हिडिओ तू पाहिले असशील. तीच नदी जलपर्णी घेऊन पुढे आमच्याकडे येते. नदीकडची गॅलरी असेल तर जाळीचा खर्च आत्ताच धर.

स्वस्तात गुंठा देतो असं सांगणारेही भेटतील. एका सातबाऱ्यावर आठ-दहा सामाईक नावं, इतर हक्कात बोजा, कधी पुनर्वसनाचा शेरा, कधी वर्ग २ ची जमीन, आणि व्यवहार साठेखतावर. त्या वाटेला जाऊच नकोस.

आता शांततेचं. तुला जी शांतता आवडली ती त्या उसाची आहे, आणि ऊस तुझा नाही, बिल्डरचाही नाही. गॅलरीतून दिसणाऱ्या हिरवाईचे पैसे तो तुझ्याकडून घेतो, पण विकतो फक्त भिंती. शेत ज्यांचं आहे त्या घरात तीन भाऊ आहेत, बहिणींचीही नावं लागलेली आहेत. वाटप झालं की त्यातला एक तरी विकणार, आणि का विकू नये? त्या जमिनीला उसापेक्षा इमारतीचं पीक जास्त येतं, हे आपल्यासारख्यांनीच त्यांना दाखवून दिलं. म्हणून जमीन-वापराच्या सरकारी नकाशात त्या शेताचा रंग बघून घे. पिवळा, म्हणजे निवासी असेल तर समोर भिंत येणार असं धरूनच किंमत ठरव. हिरवा, म्हणजे शेतीचा असेल तर थोडी उसंत आहे, हमी नाही.

आणि गावाची शांतता म्हणजे चिडीचूप नव्हे. शेतीची वीज पुष्कळदा रात्री असते, त्यामुळे मोटार रात्री चालू होते. तोडणीआधी ऊस पेटवला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी येते. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर गाणी लावून जातात. जत्रेत ढोल-ताशा असतो, काकड्याला पहाटे टाळ वाजतात. नवी माणसं येतात आणि पहिल्याच वर्षी तक्रार अर्ज लिहायला बसतात. मला ते अजिबात पटत नाही. शहराच्या गोंगाटाला कंटाळून आलात, ठीक आहे, पण ज्यांच्या दारात आलात त्यांनी पाय न वाजवता चालावं ही अपेक्षा कुठली?

इथे नुसतं झोपायला येणार असशील तर शहरातच भाड्याने राहा, ते स्वस्त पडेल. राहायला येणार असशील तर गावाशी ओळख ठेव. भाजी ॲपवरून मागवू नकोस, मांजरीच्या उपबाजारात जा, शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. गावाशी ओळख ठेव हे मी नुसतं प्रेमापोटी सांगत नाही, त्यात व्यवहारही आहे. समाविष्ट गावांची ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले, आणि मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकही नव्हते, निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. त्या काळात दिवा बंद पडला, कचरा साचला, तर सांगायचं कुणाला? ज्या सोसायट्यांचं गावातल्या जुन्या माणसांशी बोलणं होतं, त्यांची कामं एका फोनवर पुढे सरकली. बाकीचे एकमेकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत राहिले.

टोकनचे पैसे इतक्यात देऊ नकोस. करारनाम्याचा मसुदा मला पाठव, इथले एक वकील ओळखीचे आहेत, त्यांना दाखवते. शुक्रवारी दोघंही या, रात्री इथेच राहा. स्नेहाला खराडीहून यायला उशीर होतो. बस जिथे सोडते तिथून त्या इमारतीपर्यंतचा रस्ता रात्री साडेनऊला तिने एकटीने चालून बघावा, तू फाटकाशी थांब. दिवे किती, कुत्री किती, दुकानं किती वाजता मिटतात, ते तिलाच कळेल. ती नको म्हणाली तर भावात आणखी लाखभर सुटत असले तरी विषय तिथेच संपव, तिला समजावत बसू नकोस.

तुझी,
आत्या