रंकाळा आणि सागर

रंकाळ्याच्या काठी सायंकाळी उभे राहिले, म्हणजे वाऱ्याबरोबर उठलेल्या लाटा दगडी बांधावर आपटताना दिसतात. कोल्हापूरच्या मुलांना लाटेची पहिली ओळख येथेच होते. पुढे आंबा घाट उतरून ती रत्नागिरीस गेली, की त्यांना एक नवल दिसते. सकाळी ज्या वाळूवर खेळ मांडला, तीच वाळू दुपारी पाण्याखाली गेलेली असते! रंकाळ्याला लाटा आहेत. मग भरती-ओहोटी का नाही? याचे उत्तर समुद्राच्या निरनिराळ्या गती समजून घेतल्यास मिळते.

पहिली गती लाटांची. ती वाऱ्यामुळे उत्पन्न होते. वारा जितका जोराचा, जितका वेळ टिकणारा आणि जितक्या विस्तीर्ण पाण्यावरून वाहणारा, तितकी लाट मोठी. रंकाळ्यावर वाऱ्यास धावावयास जागा थोडी. अरबी समुद्रावर ती शेकडो किलोमीटर. म्हणून एकीकडे लाट वीतभर, तर दुसरीकडे पावसाळ्यात पुरुषभर, क्वचित त्याहूनही उंच. मात्र लाट पुढे गेली, तरी पाणी बहुतांशी जागच्या जागीच फिरत असते. भाताच्या शेतातून वाऱ्याची लहर बांधापर्यंत धावते, पण एकही रोप आपली जागा सोडत नाही, तसेच हे.

दुसरी गती भरती-ओहोटीची. ही मुख्यतः चंद्राची करणी होय. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूवर त्याची ओढ अधिक, तर विरुद्ध बाजूवर कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंस सागराचे पाणी फुगते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्याचेही साहाय्य मिळून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरती बेताची असते, तिला भांगाची भरती म्हणतात. रंकाळा इतका लहान, की त्याच्या दोन काठांवरील ओढीत फरक जवळजवळ नसतोच. मग तेथे भरती कशी दिसावी?

तिसरी गती प्रवाहांची. यांत पाणी खरोखरच दूरवर वाहत जाते. वारे आणि पाण्याच्या उष्णतेतील व खारेपणातील फरक ही त्यांची कारणे होत. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो.

कोकणातील दर्यावर्दी लोकांस हे ज्ञान अनुभवाने लाभले आहे. ते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सुमारे सहा वाजता पूर्ण भरती!

घाटावरील पाहुण्यास हे ठाऊक नसते. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात परतते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी शांत भासते. नवखा मनुष्य नेमका तेथेच उतरतो आणि प्राणास मुकतो. रंकाळ्यावरून सागराची परीक्षा करू नये. पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी किनाऱ्यावरील जाणत्या माणसास विचारावे. त्यात कमीपणा नाही, शहाणपण आहे.

स्वाध्याय

१. रंकाळ्यात भरती का दिसत नाही?
२. लाट व प्रवाह यांत कोणता भेद आहे?
३. चतुर्थीस पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल?
४. वाक्यात उपयोग करा : प्राणास मुकणे, नवल दिसणे.