पाहुण्या पक्ष्यांची रोजनिशी

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पावसाळ्यांत कृष्णेच्या पाण्याची उंची नित्य वाचली जाते, हें तुम्हांस ठाऊक आहेच. ४० फूट झाले कीं इशारा आणि ४५ फूट झाले कीं धोका, हे आंकडे येथील लहान मुलांसही पाठ असतात. परंतु पुराच्या दिवसांखेरीज इतर दिवसांचे आंकडे कोणीं लिहिलेच नसते, तर ४५ फुटांसच धोका कां म्हणावें हें सांगतां आलें असतें काय? मोठ्या दिवसाचा अर्थ साध्या दिवसांच्या नोंदींवरून कळतो. पक्ष्यांच्या अभ्यासासही हाच नियम लागू आहे.

पाऊस ओसरूं लागला कीं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परदेशचे पाहुणे उतरतात. मध्य आशियाकडून येणाऱ्या भोरड्यांचे थवे तर त्याच्याही आधीं येतात. ज्वारीच्या कणसांवर बसणारी ही पांखरें शेतकऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचीं आहेत. भाद्रपद-आश्विनांत शेपटी हालवीत चालणारा धोबी नदीच्या घाटावर दिसूं लागतो. मागाहून चक्रवाक व नाना जातींचीं बदकें येतात. तिबेट व लडाखकडील पट्टकादंब हिमालय ओलांडून दक्षिणेस उतरतो. ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर त्याच्या उड्डाणाची नोंद झाली आहे. खटाव तालुक्यांतील मायणी व येरळवाडी येथील तलाव तर रोहित पक्ष्यांसाठीं प्रसिद्ध आहेत.

या येण्याजाण्याचा पद्धतशीर अभ्यास प्रथम समुद्रकांठीं वाढला. उत्तर समुद्रांतील हेल्गोलँड बेटावर हाइनरिख गेट्के या चित्रकारानें सुमारें पन्नास वर्षें पक्ष्यांची टिपणें ठेविलीं व त्यांवरून लिहिलेला ग्रंथ १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. १९०१ सालीं योहानेस थीनेमान यांनीं बाल्टिक समुद्राच्या कांठीं रोसिटेन येथें कायमचें निरीक्षणकेंद्र स्थापिलें. १९३३ सालीं रोनाल्ड लॉकले यांनीं वेल्सजवळच्या स्कोखोम बेटावर व १९४८ सालीं इतरांनीं स्कॉटलंडच्या फेअर आइल बेटावर अशीच केंद्रें सुरू केलीं. समुद्र ओलांडून थकलेला पक्षी पहिली जमीन दिसतांच उतरतो, म्हणून बेटें या कामास सोयीचीं. मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवावी. रात्र निरभ्र व वारा अनुकूळ असला तर थवे वरच्यावर निघून जातात. धुकें किंवा पाऊस आला तर तेच थवे खालीं उतरतात. म्हणून तेथें पक्ष्यांच्या संख्येबरोबर वारा व आकाश यांचीही नोंद होते. आकाश कसें होतें हें ठाऊक नसेल, तर संख्येचा अर्थ लागत नाहीं.

या केंद्रांतील दिनक्रम साधा आहे. रोज ठराविक वेळीं, ठराविक वाटेनें फेरी करावयाची. नरसाळ्यासारख्या निमुळत्या, तारेच्या जाळीच्या सापळ्यांत आलेल्या पक्ष्याचें वजन करावयाचें, पंख मोजावयाचा, पायांत क्रमांकाचें कडें घालावयाचें आणि त्यास सोडून द्यावयाचें. सायंकाळीं सर्व निरीक्षक एकत्र बसतात. एक जण क्रमानें पक्ष्यांचीं नांवें वाचतो, प्रत्येक जण आपली संख्या सांगतो, आणि विचारान्तीं ठरलेला आंकडा वहींत चढतो.

पायांत कडें घालण्याची ही पद्धत रूढ करणारे हान्स मोर्टेन्सन हे डेन्मार्कमधील व्हीबोर्ग गांवचे शाळामास्तर होते. १८९० सालीं त्यांनीं जस्ताचीं कडीं करून पाहिलीं, परंतु तीं पांखरांस जड झालीं. १८९९ सालीं अल्युमिनियमचीं हलकीं कडीं उपयोगी पडलीं. आपल्या देशांत १९५७ सालीं कर्नाटकांत क्यासनूरच्या जंगलांत नवा ताप आढळला, तेव्हां दूर देशचे पक्षी तर हा रोग आणीत नसतील ना, असा प्रश्न उभा राहिला. पुढें १९५९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखालीं पक्ष्यांस कडीं घालण्याचें मोठें कार्य हातीं घेतलें.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे समुद्र कोठें आहे? नाहीं; पण खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखांत पाण्याचा तलाव हेंच पाणपक्ष्यांचें बेट होय. पाण्याच्या विस्तारांत जसा जमिनीचा तुकडा, तसा माळाच्या विस्तारांत पाण्याचा तुकडा पक्ष्यांस एकत्र आणतो.

मायणीस २०२१ सालीं पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु रोहित पूर्वीपेक्षां कमी येतात कीं अधिक, हा प्रश्न आठवणींवर सुटणारा नव्हे. रोहित उथळ पाण्यांत उभा राहून, चोंच उलटी बुडवून सूक्ष्म जीव गाळून खातो. तलाव आटला तर तो येणार नाहीं, आणि तुडुंब भरला तरीही येणार नाहीं. ज्या वहींत पाण्याची पातळी लिहिलेली नाहीं, ती वही या दोहोंतील भेद सांगूं शकत नाहीं.

आतां आपली वही कशी ठेवावी तें पाहूं. एकच जागा व एकच वेळ ठरवावी. तारीख, वेळ, वारा, आकाश, पाणी, पक्ष्याचें नांव, संख्या व पाहणाराचें नांव असे रकाने आंखावे. मोठा थवा असेल तर आधीं दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांनीं धरावी, व असे किती भाग होतात तें पाहावें. पक्षी ओळखतां आला नाहीं तर "अनोळखी" असें लिहावें. तर्कानें नांव देऊं नये. पक्षी पकडणें व त्यास कडें घालणें हें परवानाधारक जाणत्यांचें काम आहे, तें आपण करूं नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम शून्याचा. समजा, १४ सप्टेंबरला तुम्हांस पहिला धोबी दिसला, आणि १३ तारखेचें पान कोरें आहे. त्या दिवशीं धोबी नव्हता, कीं तुम्हीच गेलां नव्हतां? कोरें पान मुकें असतें. पण त्यावर "फेरी केली, धोबी शून्य" असें असेल, तर १४ तारीख ही खरी आगमनतिथि ठरते. केवळ रविवारीं जाणारास धोब्याचा पहिला दिवस कळत नाहीं, पहिला रविवार तेवढा कळतो.

अशा वह्यांची आज देशास किती गरज आहे तें पाहा. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदी तपासून त्यांत ९४२ जातींचा विचार झाला. तरीही दीर्घ काळाचा कल केवळ ३३८ जातींचा ठरवितां आला, व त्यांपैकीं २०४ जाती घटल्याचें दिसलें. उरलेल्या ६०४ जातींचें काय झालें, हें सांगण्याइतकी जुनी नोंद मिळाली नाहीं. जीं वर्षें लिहिल्यावांचून गेलीं तीं आतां कोणासही परत आणतां येणार नाहींत.

म्हणून येत्या १ सप्टेंबरपासून आरंभ करा. एका हिवाळ्याच्या वहीवरून थोडेंच कळेल. दहा हिवाळ्यांच्या वह्या पुष्कळ सांगतील. तुम्ही शाळा सोडून जाल, तेव्हां वही बरोबर नेऊं नका. ती खालच्या वर्गाच्या स्वाधीन करा. धोबी पुन्हां घाटावर येईल, त्या दिवशीं त्याची तारीख लिहिणारा कोणीतरी तेथें असला पाहिजे.