नको असलेले गोंदण : झाकावे की काढावे?

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. अशा जत्रांत पाळणे, खेळणी, भांड्यांच्या दुकानांबरोबर गोंदणारेही बसतात. आपल्या आजीच्या हातावर सुईने हिरवे गोंदण काढलेले असे. आता त्याला टॅटू म्हणतात आणि ते मशीनने काढतात. पाच मिनिटांत नाव उमटते. पुढे ते नको झाले की घरात काळजी सुरू होते.

कुणी भरतीची तयारी करतो, कुणा मुलीचे लग्न ठरते, कुणाच्या हातावर ‘जयभीम’ लिहिताना अक्षरच चुकलेले असते. मग मित्र सांगतात, ‘कव्हर-अप करून घे’. म्हणजे जुन्या गोंदणावर दुसरे मोठे चित्र काढून घे. हा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कव्हर-अपने जुनी शाई जात नाही. तिच्यावर आणखी शाई चढते.

शाई जात का नाही?

आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. गोंदणाची सुई त्याच्या खालच्या थरात शाई सोडते. शरीरातल्या संरक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते बाहेर टाकता येत नाहीत. म्हणून साबण, मलम किंवा घासणे यांचा उपयोग होत नाही. चुना, बिब्बा, ॲसिड किंवा ब्लेड वापरले तर कातडी भाजते, जखम चिघळते, व्रण राहतो आणि शाईही पूर्ण जात नाही. असा प्रयोग घरात कुणालाही करू देऊ नका.

कव्हर-अप कुणासाठी?

काळी शाई फिक्या रंगाने झाकत नाही. त्यामुळे नवे चित्र जुन्यापेक्षा गडद आणि बहुधा दुप्पट-तिप्पट मोठे काढावे लागते. ज्याला अंगावर चित्र चालते, फक्त जुने नाव नको आहे, त्याच्यासाठी हा मार्ग ठीक आहे. जुनी जागा पूर्ण बरी झालेली हवी. जखमेचे व्रण वाढून जाड होण्याची सवय असेल, मधुमेह असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा स्त्री गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अठरा वर्षांखालील मुलांनी गोंदूच नये.

भरतीची तयारी करणाऱ्यांनो, थांबा

भूदलाच्या भरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूवर आणि तळहाताच्या मागील बाजूवरच कायमचे गोंदण चालते. इतर जागी चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी कडक आहे. तिथे आतील बाजूचे गोंदण फक्त डाव्या हातावर चालते, कारण सलाम उजव्या हाताने करतात. शिवाय ते त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान असावे लागते. आता विचार करा. मनगटावरचे छोटे नाव झाकायला हातभर गरुड काढला, तर चालणारे गोंदणही न चालणारे होईल. वर्षभर पहाटे उठून धावलेला मुलगा वैद्यकीय तपासणीत अडकेल. म्हणून आधी जाहिरातीतला नियम वाचा, मगच हात पुढे करा.

काढायचे असेल तर

लेसर हा खात्रीचा मार्ग आहे, पण तो त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावा. लेसरने शाईचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. एका वेळेत काम होत नाही. दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि अनेक बैठका लागतात. काळी शाई लवकर जाते, हिरवी-निळी हट्टी असते. सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग पडण्याची भीती असते. म्हणून ब्यूटी पार्लरमधला स्वस्त लेसर नको. एकूण बैठका किती आणि खर्च किती, हे आधीच विचारा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे सल्ला घेता येतो. भरतीसाठी काढायचे असेल तर वर्षभर आधी सुरुवात करा.

सुईचा धोका

एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. शाईच्या एकाच वाटीत सगळ्यांच्या सुया बुडवल्या तरी हाच धोका आहे. म्हणून कव्हर-अप असो की नवे गोंदण, हे पाहा :

१. सुईचे बंद पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे.
२. शाई नव्या छोट्या कपात ओतावी आणि उरलेली टाकून द्यावी.
३. हातमोजे नवे असावेत.
४. जखमेवर हळद, राख किंवा तेल लावू नये. साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. खपली काढू नये. बरी होईपर्यंत विहिरीत पोहू नये.
५. पू, ताप किंवा पसरणारी लाली दिसली तर लगेच दवाखाना गाठावा.

जत्रेत सामायिक सुईने गोंदले असेल तर लपवू नका. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात गेल्यास एचआयव्ही टाळण्याचे औषध द्यायचे का, हे डॉक्टर ठरवू शकतात. उशीर झाला असला तरी तपासणी करा. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत असते आणि नाव गुप्त राहते. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. हिपॅटायटिस बी ची लस आहे, तिचे तीन डोस पूर्ण करा.

आणखी एक गोष्ट. गोंदल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्तीत रक्तदान शिबिरे होतात. तिथे ही गोष्ट लपवू नका. ते रक्त कुणाच्या तरी लेकराला चढणार असते.

आई-वडिलांना विनंती

मुलीच्या हातावर कुणाचे नाव दिसले म्हणून तिला मारझोड करू नका. धाकानेच मुले ब्लेड आणि ॲसिड हाती घेतात. शेजारी बसा, विचारा आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. शाई थोडी थांबली तरी चालेल, लेकराचा हात भाजता कामा नये.