खोक्यावर ‘एचडी’, आत साधा प्लेअर

ब्लू-रेचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं. डिस्कमध्ये खोट नव्हती. नवरीच्या गालावरची हळद टीव्हीवर अशी दिसायची की बायका जवळ जाऊन बघायच्या. राग आहे तो ती गळ्यात मारणाऱ्यावर.

२००९-१०च्या सुमारास शहापूर-मुरबाडकडेही लग्नाच्या शूटिंगला लोक एचडी मागायला लागले. कॅमेरा घेतला. पण १९२० बाय १०८० मध्ये टिपलेलं लग्न डीव्हीडीवर उतरवलं की ७२० बाय ५७६ वर येतं, म्हणजे पैसे पाण्यात. मुंबईच्या एका विक्रेत्याने तोडगा सांगितला: डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, ब्लू-रेत २५, रायटर घेऊन जा. मी तोंडावर विचारलं, किन्हवली, सरळगाव, धसईच्या घरांत ही लावायची कशावर? म्हणाला, “शेठ, एचडी प्लेअर मी देतो ना, डीलरच्या भावात. तोशिबाने २००८ च्या फेब्रुवारीत एचडी डीव्हीडी बंद केली, आता मैदानात दुसरं कोणी नाही.” तोशिबाचं त्याने सांगितलेलं खरंच होतं, म्हणून बाकीच्यावरही विश्वास बसला.

किन्हवलीकडच्या एका घरी पूजेच्या दिवशी लग्न दाखवायचं ठरलं. टीव्ही पडवीत काढला, सगळी भावकी जमली. त्याने दिलेल्या नव्या प्लेअरमध्ये डिस्क सरकवली. घरघर झाली आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘नो डिस्क’. पुसून लावली, पुन्हा तेच. नवरीचे वडील काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग खोकं उलटंपालटं करून वाचलं. ‘१०८०पी’ मोठ्या अक्षरांत, खाली बारीक अक्षरांत ‘अपस्केलिंग’. ब्लू-रे हा शब्द कुठेच नाही. तो साधा डीव्हीडी प्लेअर होता. डीव्हीडीचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा ४०५ चा; त्याला ती डिस्क जन्मात वाचता आली नसती. विक्रेत्याला हे माहीत नव्हतं, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. फोन केला तर उत्तर काय? “एचडीच दिलाय, खोक्यावर वाचा. उघडलेला माल परत नाही. गावाकडे चालतं ते चालवा ना.” त्या शेवटच्या वाक्याचा राग आजही गेलेला नाही.

गावाकडे काय चालतं ते मला त्याच्याहून जास्त कळतं. बीटामॅक्स १९७५ ला आली, व्हीएचएस वर्षभराने. शेवटी १९८८ मध्ये खुद्द सोनीला व्हीएचएस यंत्रं काढावी लागली. व्हीसीडीचं चित्र कॅसेटच्या तोडीचं, एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटं, तरी ती घरोघर गेली, कारण प्लेअर स्वस्त आणि डिस्क शेजाऱ्याकडे मागता यायची. मोझर बेअरने २००७ मध्ये सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणली, तेव्हा तर प्रश्नच मिटला. आपल्याकडे कोणतं माध्यम टिकणार हे चित्रावर ठरत नाही, आळीत किती घरी ते लागतं यावर ठरतं.

म्हणून नवं काही घेताना आपली डिस्क सोबत न्या आणि विकणाऱ्याच्या समोर, त्याच खोक्यातल्या यंत्रावर चालवून बघा. बिलावर माध्यमाचं नाव लिहून घ्या, ‘एचडी’ एवढ्यावर भागवू नका. कोरी डिस्क कल्याणला सहज मिळते का ते आधी विचारा. दुबईहून कोणी प्लेअर आणत असेल तर रीजन बघायला सांगा. सिनेमाच्या ब्लू-रेला आपला रीजन ‘सी’, तिकडचा ‘बी’. लिहिलेली डीव्हीडी फायनलाइज केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका. बिल, वॉरंटी कार्ड जपा, हे सांगायला नकोच. शूटिंगची मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. माझी होती, म्हणून किन्हवलीच्या त्या घरी मी तेच लग्न पदरमोड करून डीव्हीडीवर दिलं. पुढे टीव्हीलाच पेनड्राइव्ह लागायला लागला आणि रायटर कपाटात गेला.

आणि ज्यांच्या घरी लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट असतील त्यांनी हे ऐकाच. आपल्याकडच्या पावसात टेपला बुरशी धरते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये काम थांबवलं. चालू स्थितीतला व्हीसीआर गावात कोणाकडे उरला असेल तर यंदाच्या पावसाआधी कॅसेट उतरवून घ्या.