खेळ कसा वाटला?

मुलांनो, समजा, मालेगावहून तुमचा मामेभाऊ चांदवडला आला. त्याने विचारले, "येथला रंगमहाल कसा आहे?" तुम्ही म्हणालात, "छान आहे." त्याने पुन्हा विचारले, "छान म्हणजे कसा?" आता तुम्ही काय सांगाल?

'छान आहे' हे तुमचे मत झाले. उर्दूत आपण त्याला 'राय' म्हणतो. पण नुसत्या मताने समोरच्याला काही कळत नाही. मताच्या पाठीशी कारण हवे. "हा अहिल्याबाई होळकरांचा वाडा आहे. त्याच्या लाकडी खांबांवरचे कोरीव काम पाहण्यासारखे आहे," असे तुम्ही सांगितले, तर भाऊ लगेच चपला पायांत घालील!

आज आपण एका संगणकावरील खेळाविषयी लोकांनी दिलेली मते पाहू. त्यांतून मत कसे द्यावे, हे आपल्याला शिकता येईल.

या खेळाचे नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. तो आपल्या महाराष्ट्रातच, पुण्यात तयार झाला. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने तो बनवला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. खेळासाठी पैसे जमवावेत म्हणून त्यांनी २०१७ साली लोकांना वर्गणीचे आवाहन केले. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम 'निन्टेन्डो स्विच' या यंत्रावर आला. ऑक्टोबरमध्ये तो संगणकावरही आला.

अमीर हमजाची दास्तान तुम्ही ऐकली असेल. तिच्यात जादूगार असतात, तिलिस्म असतात, अक्राळविक्राळ राक्षस असतात. अशा कथेला मराठीत 'अद्भुतकथा' म्हणतात. 'राजी' हीदेखील एक अद्भुतकथाच आहे. फरक एवढाच, की दास्तान आपण ऐकतो. येथे मात्र कथेतील नायिकेला आपण स्वतः चालवतो. आपण चुकलो, की ती पडते. आपण सावध राहिलो, की ती जिंकते.

राजी ही कसरती करणारी एक गरीब मुलगी. गोलू हा तिचा धाकटा भाऊ. एके दिवशी राक्षस हल्ला करतात आणि गोलूला पळवून नेतात. राजी त्याच्या शोधात निघते. वाटेत तिला त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार अशी शस्त्रे मिळतात. ती भिंतींवरून धावते, खांबांवरून उड्या मारते, कोडी सोडवते आणि राक्षसांशी लढते. दुर्गा आणि विष्णू हे तिची कथा सांगत जातात.

हा खेळ जगभरातील लोकांनी खेळला आणि आपापली मते लिहिली. बहुतेकांनी त्यातील दृश्यांची तारीफ केली. राजस्थानातील महाल आणि किल्ले, तसेच पहाडी शैलीची चित्रे डोळ्यांसमोर ठेवून ही दृश्ये रंगवलेली आहेत. "खेळता खेळता आम्ही थांबून भिंतीच पाहत राहिलो," अशा अर्थाचे कित्येकांनी लिहिले. संगीतही पुष्कळांना आवडले. बहीण भावाला शोधते, ही साधी गोष्ट अनेकांच्या मनाला भिडली.

तक्रारीही झाल्या. लढाई सुरुवातीला मजेदार वाटते. पण पुढे तीच तीच होते, असे काहींचे म्हणणे पडले. काहींच्या उड्या नेमक्या जागी पडत नव्हत्या. खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि कथा मध्येच तुटल्यासारखी वाटते, अशीही नाराजी होती. आणखी एक गोष्ट पुष्कळांना खटकली. कथा भारतातली, पात्रे भारतातली; पण सगळे बोलतात इंग्रजीत!

ही माहिती मी एकदा वर्गात सांगितली आणि आवडलेल्या किंवा न आवडलेल्या खेळाविषयी दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलीने 'राजी' पुण्याला मामाच्या घरी खेळला होता. तिने लिहिले, "राजीतील महाल मला फार आवडले. पण लढाई सारखी तीच वाटली, म्हणून मी खेळ अर्धाच सोडला." तिने हे वाचून दाखवताच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आपल्या लोकांनी एवढ्या कष्टाने केलेला खेळ! त्याला नावे ठेवतेस?" दोघे-तिघे हसले. ती खाली बसली आणि तिने खोडरबर हातात घेतले.

मी म्हणालो, "थांब, खोडू नकोस." मग मी वर्गाला आपल्या गावचीच एक गोष्ट सांगितली.

चांदवडला एकेकाळी टांकसाळ होती. येथे पाडलेल्या रुपयाला 'चांदवडी रुपया' म्हणत. त्या काळी सराफ नाणे वाजवून पाहत, तोलून पाहत. रुपया आपल्या गावचा आहे, म्हणून कोणी डोळे मिटून तो घेत नसे. आणि पारख केली, म्हणून त्या रुपयाचा अपमानही होत नसे. उलट, पारखलेल्या रुपयाची बाजारात पत वाढे.

खेळाचेही तसेच आहे. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या सोहळ्यात नवोदितांच्या उत्तम खेळासाठी जगातील पाच खेळ निवडले गेले. त्यांत 'राजी' होता. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया' या दुसऱ्या खेळाला मिळाला. पण पुण्याच्या त्या छोट्या चमूचे नाव जगापुढे आले. ते तिथेच थांबले नाहीत. २०२२ साली त्यांनी खेळाची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात लढाईच्या हालचाली सुधारल्या आणि पात्रांना हिंदी बोलणे दिले. खेळाडूंनी ज्या जागांवर बोट ठेवले होते, त्यांतील दोन जागा अशा दुरुस्त झाल्या.

आता सांगा, नुसते "वाहवा!" लिहिणाऱ्याने त्या कारागिरांना जास्त मदत केली, की "लढाई तीच तीच वाटते" असे लिहिणाऱ्याने? "भिकार खेळ" असे लिहून मोकळे होणाऱ्याचा तरी काय उपयोग? कौतुक असो वा तक्रार, त्यात कारण असले, तरच ती कामाची.

त्या मुलीने खोडरबर खाली ठेवले. मागच्या बाकावरच्या मुलाला मी विचारले, "तुला तिचे म्हणणे पटत नाही ना? मग लढाई चांगली का आहे, ते लिही." तो म्हणाला, "सर, मी तो खेळ खेळलोच नाही!" या वेळी सगळा वर्ग हसला, आणि तोही हसला.

मुलांनो, म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. स्वतः पाहिल्याशिवाय मत देऊ नका. मत दिले, तर कारण सांगा. दुसऱ्याचे मत पटले नाही, तर त्याच्या मताला उत्तर द्या; त्या माणसाला हसू नका.

शब्दार्थ व टिपा

टांकसाळ – नाणी पाडण्याची जागा, उर्दूत 'टकसाल'.
पारख – खरे-खोटे तपासणे.
पत – बाजारातील विश्वास.
चमू – एकत्र काम करणारा गट.
नावे ठेवणे – दोष काढणे.
तक्रार – मराठीत या शब्दाचा अर्थ 'शिकायत'. उर्दूत मात्र 'वाद' किंवा 'पुन्हा पुन्हा सांगणे'.
देव – मराठीत या शब्दाचा अर्थ 'ईश्वर'. उर्दू दास्तानीतला 'देव' म्हणजे राक्षस. लिहिताना सांभाळा!

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'राजी' हा खेळ कोणत्या शहरात तयार झाला?
(आ) राजी कोणाच्या शोधात निघते?

२. खेळाडूंना आवडलेल्या दोन व न आवडलेल्या दोन गोष्टी लिहा.

३. लेखकाने चांदवडी रुपयाची गोष्ट वर्गाला का सांगितली?

४. पुढील मतांना स्वतःच्या मनाने कारणे जोडा.
(अ) क्रिकेटपेक्षा कबड्डी चांगली, कारण ...
(आ) आमच्या गावचा आठवडे बाजार मला आवडतो, कारण ...

५. तुम्ही खेळलेल्या कोणत्याही एका खेळाविषयी दहा ओळी लिहा. एक तरी कौतुक आणि एक तरी तक्रार असू द्या.