एक लिंबू, १६३६ रुपयांना

खोकं सहाव्या दिवशी आलं. लाल अक्षरांत ‘नाजूक वस्तू’ लिहिलेलं आणि पावसानं एका कडेला मऊ पडलेलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार रोपं होती: केसर आंबा, कालीपत्ती चिकू, सरदार पेरू आणि कागदी लिंबू. भोर तालुक्यातल्या आमच्या पाच गुंठ्यांसाठी मी हौसेनं मागवलेली. जाहिरातीतल्या फोटोत आंब्याला कुंडीतच चार फळं लटकत होती. माझ्या हातात आली ती दीड वितीची काडी, तिला तीन पानं आणि खाली मुठीएवढा कोकोपीटचा गोळा.

बिल असं होतं: केसर ४४९, चिकू ३९९, पेरू २९९, लिंबू २४९, पॅकिंग आणि कुरिअर २४०. एकूण १६३६ रुपये. चिकूची पानं चौथ्या दिवशी गळली आणि दोन आठवड्यांत काडी वाळली. आंब्याच्या जोडावरची पट्टी सोडली तर वरची डोळकाडी, म्हणजे जोडलेल्या जातीची काडी, सरळ हातात आली. जोड बसलेलाच नव्हता. पेरू मात्र तरारला. पण त्याला कलमाचा सांधा नव्हता, आणि गुटी, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप, म्हणावं तर खाली गाजरासारखं सरळ सोटमूळ. म्हणजे ते बियांचं रोप. सरदार ही जात पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ साली निवडलेली. ती मी दुसऱ्या राज्यातून कुरिअरनं मागवली आणि मिळाला भलताच पेरू. लिंबू जगलं. विक्रेत्यानं आंब्यापुरतं ४४९ रुपयांचं कूपन दिलं, त्यांच्याकडूनच पुन्हा काही घेण्यासाठी. ते मी वापरलं नाही. सोन्याच्या भावाचं ते लिंबू अजून आहे.

विक्रेते सगळेच लबाड असतात असं नाही. कुरिअरचं गणितच झाडाच्या विरोधात असतं. बऱ्याच कंपन्या काट्यावरचं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. ७५ बाय २० बाय २० चं खोकं म्हणजे सहा किलो, आत काही असो. त्यात मातीच्या पिशव्या भरल्या तर एकेकच तीन-चार किलो, म्हणजे काट्यावरचं वजन त्याच्याही वर. मग विक्रेता माती झटकतो, शेंडा छाटतो, किंवा मुळातच चार-सहा महिन्यांचं कोवळं कलम पाठवतो. नर्सरीत आणखी एक पावसाळा राहायला हवं होतं ते पोर तो प्रवासाला काढतो. त्यात शुक्रवारी निघालेलं खोकं रविवारी कुठल्यातरी गोदामात अंधारात बसून राहतं.

आता दर. गेल्या पावसाळ्यात पुणे-सातारा पट्ट्यातल्या चार परवानाधारक नर्सऱ्या आणि एक शासकीय रोपवाटिका फिरून मी वहीत लिहून आणलेले आकडे देते. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. वर्षाचं आंबा कलम ८० ते १५० रुपये, मोठ्या पिशवीतलं दोन-तीन वर्षांचं ३०० ते ६००. चिकू ९० ते २००. पेरूची गुटी ४० ते ८०. लिंबाचं रोप ३० ते ६०. शासकीय रोपवाटिकेत दर सगळ्यांत कमी, पण आधी नाव नोंदवावं लागतं आणि जून-जुलैत गेलं तर ‘संपली, ताई’ हे उत्तर ठरलेलं. माझीच चार रोपं या दरांतल्या मधल्या भावानं ३५० रुपयांच्या आसपास बसली असती. गाडीचं पेट्रोल ४०० धरलं तरी कुरिअरच्या निम्म्यात काम झालं असतं, आणि जोड डोळ्यांनी पाहून घेता आला असता. बिलावर रोपाला जीएसटी लावला असेल तर तिथंच विचारा. जिवंत रोपांवर तो शून्य आहे. कुंडी आणि खतावर लागू शकतो.

पण खरा खर्च रोपाचा नसतोच. तीन फुटी खड्ड्याची मजुरी मला ३५० पडली, शेणखत आणि सुपर फॉस्फेट मिळून १५०, बांबू आणि गुरांपासून आडोसा म्हणून जाळी २००. एका झाडामागे ७०० रुपये पहिल्याच दिवशी मातीत जातात. पुढं चार उन्हाळे पाणी. आंब्याचं कलम धड फळ द्यायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं; त्याआधी आलेला मोहोर खुडून टाकावा, असंच जाणते सांगतात. रोप मेलं तर पाचशे रुपयांचा चटका बसतो. पाचव्या वर्षी ‘केसर’ला दोऱ्यांनी भरलेली आंबट फळं लागली तर पाच वर्षं जातात, आणि ती कुठल्याच कूपनवर परत मिळत नाहीत. म्हणून पैसे वाचवायचे तर रोपाच्या किमतीत नव्हे. त्याची जात कोण सांगतंय आणि कशाच्या आधारावर, तिथं जपा.

महाराष्ट्रात फळरोपवाटिका चालवायला १९६९ च्या कायद्याखाली कृषी विभागाचा परवाना लागतो. राष्ट्रीय बागवानी मंडळही नर्सऱ्यांना मानांकन देतं. ऑनलाइन विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारा: परवाना क्रमांक काय, डोळकाडी कोणत्या मातृवृक्षाची, आणि खुंट, म्हणजे जोडाखालचा मुळांचा भाग, कशाचा. चिकूचा खुंट खिरणीचा हवा, संत्र्याचा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा. ज्याला खुंट म्हणजे काय हेच माहीत नाही, तो रोपं विकत नसून फोटो विकतोय. बिलावर फक्त ‘मँगो प्लँट’ नको. जात, प्रकार आणि वय लिहून घ्या. पुढं भांडायची वेळ आली तर हातात तेवढंच असतं.

काही नावं दिसली की खिसा घट्ट धरावा. ‘कलमी नारळ’ नावाची वस्तू जगात नाही. नारळाचं कलम बांधताच येत नाही, त्याचं रोप असोल्या फळापासूनच होतं. घ्यायचा तर नऊ ते बारा महिन्यांचा, पाच-सहा पानांचा, बुंध्याला जाड, आणि स्वतः जाऊन. लिंबाचं वेगळं आहे. कागदी लिंबू बियांपासूनही बहुतेक आईसारखंच येतं, साई शरबतीची रोपंही बियांचीच विकली जातात, तेव्हा ‘ग्राफ्टेड’ म्हणून चौपट पैसे देण्यात अर्थ नाही. कोकम आणि जायफळाला मात्र कलमच हवं. या दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी. बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला पाच-सात वर्षं जातात. कोकमाचं कलम घेताना डोळकाडी उभ्या फांदीची आहे का तेही विचारा, नाहीतर झाड वेलीसारखं जमिनीलगत पसरतं.

आणि तो हजार-दोन हजारांचा ‘मियाझाकी’. मियाझाकी हा जपानचा प्रांत. तिथला प्रसिद्ध आंबा म्हणजे आयर्विन ही मूळची फ्लोरिडातली जात, हरितगृहात एकेक फळ जाळीत झेलून पिकवलेली. लिलावात ज्याचे भाव गाजतात ते ‘ताइयो नो तामागो’ हे नाव किमान ३५० ग्रॅम वजन आणि किमान १५ ब्रिक्स गोडी भरलेल्या फळालाच मिळतं. तुम्हाला अगदी प्रामाणिक माणूस भेटला, तरी खोक्यातून आयर्विन येईल. हरितगृह, माळी आणि लिलाव येणार नाहीत. हापूसचंही थोडं तसंच. घाटावर हापूसचं झाड वाढतं, पण २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला, आणि तो गुण त्या हवेचा, त्या कातळाचा आहे. देशावर केसर लावा.

डाळिंबाच्या पट्ट्यात राहत असाल तर कुरिअरचं डाळिंब आणूच नका. तेल्या रोग रोपांबरोबर प्रवास करतो, आणि तुमच्या हौसेच्या एका झाडापायी शेजाऱ्याची बाग जाईल.

मग कुरिअर कधीच नाही का? जवळ मिळतच नाही अशी जात हवी असेल, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठापर्यंत दोन रोपांसाठी जाण्याचं भाडं रोपांच्या दहापट होत असेल, तर मागवा. पण पाऊस स्थिरावल्यावर, सोमवारी निघेल असं सांगून, आणि पिशवीसकट. त्याहून बरं म्हणजे चार घरांनी मिळून वीस-पंचवीस कलमं टेम्पोनं किंवा बसच्या पार्सलनं आणवणं. माती शाबूत येते.

खोकं आलं की उघडतानाचा व्हिडिओ घ्या, खोक्यावरच्या पत्त्यापासून मुळापर्यंत, न थांबवता. बहुतेकांच्या अटीत ‘२४ तासांत फोटो’ असतं. मग रोप थेट खड्ड्यात नको. पंधरा दिवस झाडाच्या सावलीत, बेताचं पाणी, खत अजिबात नाही. पानं गळली म्हणून टाकून देऊ नका. नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर तीन आठवडे थांबा. जोडाच्या खालून धुमारा आला तर तो खुंटाचा असतो, खुडायचा. लोक तोच कौतुकानं वाढवतात आणि पाच वर्षांनी विक्रेत्याला शिव्या देतात.

विक्रेता दाद देत नसेल तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पुढची पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ऑनलाइन होते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात होते, आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. ‘शेतकरी कसला ग्राहक’ असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणातला निकाल दाखवा. सदोष बियाणं मिळालेला शेतकरी ग्राहकच आहे, असं त्यात म्हटलंय. चारशे रुपयांसाठी आयोगात कोण जाणार, हे खरंच. पण हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. हे सगळं लागू पडतं ते बिल असेल तर. समाजमाध्यमावरचा व्हिडिओ पाहून कुणाच्या खासगी नंबरवर पैसे पाठवले असतील, तर आधी विक्रेता कोण हेच शोधत बसावं लागतं.

माझ्या आंब्याचं एक सांगायचं राहिलं. डोळकाडी मेली, पण खुंट जिवंत होता. मी तो उपटणार होते, तर गावातले कलमं बांधणारे काका म्हणाले, “असू दे ताई, बिनपैशाचा रायवळ मिळालाय.” तो तसाच लावला. पुढच्या वर्षी जुलैत त्यांनी शेजारच्या, मी दरवर्षी ज्याचे आंबे खाते त्या केसरच्या झाडावरची एक फांदी निवडली, आठ दिवस आधी तिची पानं छाटून डोळे फुगू दिले, आणि जागेवरच मृदुकाष्ठ कलम बांधलं. तीन आठवड्यांनी तांबूस पालवी फुटली. बांधणावळ ५० रुपये, पट्टी त्यांचीच.