केबलवाचून दूरदर्शन

विद्यार्थिमित्रहो, दूरदर्शन संच ही आज पेडणे व डिचोली महालांतील घराघरांतून नित्याची वस्तू झाली आहे. परंतु त्या संचात दिसणारे चित्र कोठून येते, कोणत्या मार्गाने येते आणि त्या मार्गाचे मोल कोण देतो, याचा विचार फार थोड्या घरी होतो. दरमहा केबलची वर्गणी भरावयाची आणि ती चुकली की पडदा काळा व्हावयाचा, हा जणू सृष्टीचा नियमच आहे, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. ही समजूत बरोबर नाही. वर्गणीवाचूनही दूरदर्शन पाहता येते. त्यास लागते ती एकदाच करावयाची थोडी खरेदी आणि शाळेत शिकलेले भूगोल व भूमिती यांचे साधे ज्ञान. प्रस्तुत लेखात याच विषयाची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. भारतात दूरदर्शनाचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले, आणि १९८२ साली चित्रास रंग आला. त्या काळी उंच मनोऱ्यावरून लहरी सोडीत आणि घराच्या छपरावरील अॅल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना त्या झेली. यागी व उदा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास शोधून काढलेलीच ही रचना होती. वर्गणी नसली तरी संचाचा परवाना काढावा लागे व त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ते शुल्क रद्द झाले. पुढे १९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये परदेशी उपग्रह वाहिन्यांवरून दिसू लागली. कोणा एकाने मोठी डिश बसवावी आणि तारा ओढून गल्लीतील घरांना चित्र पुरवावे, असा नवा व्यवसाय शहरोशहरी उभा राहिला. हीच केबल. १९९५ साली तिच्यासाठी कायदा झाला. कालांतराने तारेतील संकेत अंकीय करून घरोघरी सेट टॉप बॉक्स बसविण्याचे ठरले. ग्रामीण भागासह शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती.

मनोऱ्यावरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण मात्र मावळले. काही थोडी मोक्याची ठिकाणे वगळता देशातील असे प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला. म्हणून माळ्यावर पडलेली जुनी अँटेना पुसून पुन्हा छपरावर उभारली, तरी तिचा उपयोग होईल अशी आशा धरू नये.

मग केबलवाचून चित्र येणार कसे? त्याचे उत्तर आकाशात आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर जो उपग्रह फिरतो, त्यास पृथ्वीभोवती एक फेरी घालण्यास पृथ्वीच्या एका परिवलनाइतकाच वेळ लागतो. साहजिकच पृथ्वीवरून पाहणाऱ्यास तो एकाच जागी स्थिर भासतो. असाच एक भारतीय उपग्रह, जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून सोडण्यात आला. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' ही सेवा याच उपग्रहावरून मिळते. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती आरंभिली गेली. दिल्लीतील भूस्थानकावरून निघालेली लहर उपग्रहाकडे जाते आणि तेथून साऱ्या देशावर पसरते. गोव्यापासून हा उपग्रह सुमारे ३६,५०० किलोमीटर दूर आहे. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या लहरीस एवढे अंतर काटण्यास सेकंदाचा केवळ आठवा भाग पुरतो.

या लहरींची आवर्तने सेकंदाला सुमारे ११ अब्ज असतात व त्यांची लांबी सुमारे पावणेतीन सेंटीमीटर भरते. इतक्या दुरून येणारी लहर अत्यंत क्षीण झालेली असते. म्हणून ती एकवटावी लागते. हे काम डिश करते. भूमितीत परवलय या वक्राचा असा गुण आहे की, अक्षास समांतर आलेले सर्व किरण परावर्तित होऊन एकाच बिंदूत मिळतात. त्या बिंदूस नाभी म्हणतात. डिश हा परवलयाकार पृष्ठाचा तुकडा होय. तिच्या नाभीपाशी दांड्यावर बसविलेले छोटे यंत्र, ज्यास एलएनबी म्हणतात, लहर टिपून तिची आवर्तने कमी करते व तारेने घरातील सेट टॉप बॉक्सकडे पाठविते. डिशपासून संचापर्यंतची ही तार आपली स्वतःची असते. तिचे भाडे कोणास द्यावे लागत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. पेडणे व डिचोली हे दोन्ही महाल डोंगरवळणाचे आहेत. मोप्याचा सडा, हळर्ण व इब्रामपूरकडील डोंगर, साखळी व मये परिसरातील टेकड्या आणि त्यांच्या कुशीत वसलेली गावे, असे येथील रूप. मनोऱ्याची लहर जमिनीलगत येत असल्याने मधल्या टेकडीने ती अडे आणि खोलगट वाड्यांत चित्र पुसट दिसे. केबलची तारही एकाकी घरापर्यंत सहसा पोहोचत नाही, कारण चार घरांसाठी खांबावरून दूरवर तार ओढणे व्यावसायिकास परवडत नाही. उपग्रहाची लहर वरून उतरते. ती पणजीतील माडीवर जशी येते, तशीच दरीतील कौलारू घरावरही येते. तिला गाव लहान की मोठे, हे ठाऊक नसते.

तथापि तिची दिशा नेमकी साधणे अगत्याचे आहे. आपला भाग सुमारे १५.६ अंश उत्तर अक्षांश व ७३.८ अंश पूर्व रेखांश यांवर आहे. गणित करून पाहता येथून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १२७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेस, पण किंचित पूर्वेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे, उजवीकडे ३७ अंश वळावे आणि नजर ६१ अंश वर न्यावी. या रेषेत माडाची झावळ, फणसाची फांदी अथवा शेजारची भिंत नसावी.

हा कोन मोजण्यासाठी कंपासपेटीतील कोनमापक पुरे. त्याच्या मध्यबिंदूस दोरा बांधून टोकाला खडा लटकवावा व सरळ कडेवरून नजर लावावी. दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितके अंश दूर जाईल, तितका नजरेचा उंचावकोन. ६१ अंशांच्या कोनाचे टॅन गुणोत्तर सुमारे १.८ आहे. म्हणून डिश जमिनीलगत असेल, तर तिच्या आग्नेयेस १० मीटरांच्या आत असलेला १८ मीटर उंचीचा माड आड येईल. त्याहून दूरचा येणार नाही. माड तोडण्यापूर्वी हे गणित करावे! बहुधा डिश चार पावले सरकविल्यानेच काम भागते.

याहून सोपी खूण सूर्य देतो. दरवर्षी १३-१४ मार्चच्या सुमारास सकाळी सुमारे सव्वाअकरा वाजता आणि सप्टेंबरच्या अखेरीस सकाळी अकराच्या थोडे आधी सूर्य नेमका या उपग्रहाच्या दिशेस येतो. त्या वेळी डिशवर झाडाची सावली पडली, तर उपग्रह त्या झाडाआड आहे, असे निश्चित समजावे. सूर्याकडे मात्र पाहू नये. पाहावयाची ती सावली. त्या दिवसांत सूर्याच्या स्वतःच्या लहरींमुळे काही मिनिटे चित्र बिघडते. तो संचाचा दोष नव्हे.

पावसाचेही असेच आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो. पावणेतीन सेंटीमीटर लांबीच्या लहरीस पावसाचे टपोरे थेंब शोषून घेतात व विखुरतात; म्हणून मुसळधार सरीत चित्र थबकते आणि सर ओसरताच पूर्ववत होते. मांद्रे, मोरजी, हरमल या किनारी गावांत खाऱ्या वाऱ्याने लोखंडी खिळे लवकर गंजतात, तेव्हा पावसाळ्यापूर्वी डिशची बैठक तपासून घ्यावी व तारेच्या जोडात पाणी शिरू देऊ नये. डिश कौलांवर न बसविता भिंतीवर किंवा जमिनीवरील खांबावर बसवावी. विजेच्या तारांजवळ जाऊ नये, गडगडाट होत असता संचाची जोडणी काढून ठेवावी, आणि विद्यार्थ्यांनी छपरावर चढण्याचे साहस मुळीच करू नये.

आता खर्चाचा हिशेब मांडू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी पद्धत फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झाली, तेव्हा केवळ जोडणीचे मासिक शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये ठरले होते. पैसे घेणाऱ्या वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी होती. १८ टक्के कर धरता महिन्याचे १५३ रुपये ४० पैसे, वर्षाचे सुमारे १,८४१ रुपये आणि पाच वर्षांचे ९,२०४ रुपये होतात. २०२४ साली ही कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. उलटपक्षी फ्री डिशची डिश व बॉक्स यांस एकदाच सुमारे २,००० रुपये लागतात. पुढे मासिक काही नाही. डिचोली महालात या हिशेबाचे महत्त्व विशेष आहे. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकमालक, चालक, कामगार व त्यांवर अवलंबून असलेले दुकानदार यांची मिळकत एकाएकी आटली. मिळकत थांबली तरी दरमहाची देणी थांबत नाहीत. ज्या घराने एकदाच मोल देऊन साधन आपले केले, त्या घरातील मुलांचा अभ्यासाचा पाठ व वडीलधाऱ्यांच्या बातम्या अशा काळातही बंद पडत नाहीत.

या मार्गाने काय मिळते? मराठीची सह्याद्री वाहिनी मिळते. २०१९ साली ज्या राज्यांच्या वाहिन्यांना या सेवेत स्थान मिळाले, त्यांत गोवाही आहे. शिक्षणासाठी 'स्वयंप्रभा' वाहिन्या २०१७ साली याच उपग्रहावरून सुरू झाल्या. २०२० साली शाळा बंद असता 'एक वर्ग, एक वाहिनी' ही योजना निघाली. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झालेले क्रीडासामने दूरदर्शनला द्यावेत, असा २००७ चा कायदा आहे. शिवाय काही खासगी वाहिन्याही येथे असतात.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. येथील जागा खासगी वाहिन्या लिलावात घेतात. त्यामुळे आज दिसणारी वाहिनी उद्या राहीलच असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या येथून काढून घेतल्या. घरातील आजीची आवडती मालिका येथे नसेल, तर तिला न विचारता केबल तोडणे हा शहाणपणा नव्हे. प्रथम आठवडाभर घरात कोण काय पाहते, हे वहीत टिपावे आणि मग सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा. इंटरनेटचाही एक मार्ग आहे. प्रसार भारतीचे 'वेव्हज' हे व्यासपीठ २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातच, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू झाले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. मात्र इंटरनेटचे मोल वेगळे पडते, हे ध्यानात ठेवावे.

'फुकट' या शब्दाचाही अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जगात मोलावाचून काही येत नाही. उपग्रह, भूस्थानक व कार्यक्रम यांचा खर्च करातून, जाहिरातींतून व लिलावाच्या पैशांतून भागतो. म्हणजे तुमच्या आमच्या वडिलांनी तो अंशतः आधीच दिलेला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग लोकहितासाठी झाला पाहिजे. गावची विहीर जशी साऱ्या गावाची, तशाच या लहरी साऱ्या देशाच्या. विहीर आपली असली तरी पाणी काढण्यास दोर व कळशी स्वतःची लागते. येथे डिश ही कळशी आणि दिशेचे ज्ञान हा दोर.

विद्यार्थिमित्रहो, केबल ठेवावी की सोडावी, हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे. त्याबद्दल आमचा आग्रह नाही. आमचा आग्रह एवढाच की, तो निर्णय अज्ञानाने होऊ नये. येत्या मार्च महिन्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास अंगणात काठी रोवून तिची सावली मोजा, कोनमापक घेऊन आग्नेयेकडील झाडांची उंची पाहा आणि घरच्या हिशेबाच्या वहीत दोन्ही खर्च शेजारी शेजारी मांडा. पुस्तकातील कोन आणि घरातील रुपया यांची गाठ पडली, म्हणजे शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.